चालकाला आधी वाढा

मी मामाला व्यासपीठावर बोलावलं तेव्हा मामी डोंगरावर ब्रेकचा दांडा धरून उभी होती आणि तारेवरच्या पाळण्यात पाहुण्यांचं जेवण होतं.

एका वाक्यात एवढा घोळ घालायला अंगी काही गुण असावे लागतात. ते माझ्यात शाळेपासून आहेत. पायथ्याच्या गावातल्या शाळेत मला वक्तृत्वाची बक्षिसं मिळाली, आणि तेव्हापासून कुठेही माइक दिसला की लोक तो माझ्या हातात देतात. मीही कधी नको म्हणालेलो नाही.

आमचं गाव वर आणि रस्ता खाली. मधे दरी. दरीवरून तार गेलेली आहे आणि तारेवर दोन लोखंडी पेट्या. त्यालाच आम्ही पाळणा म्हणतो. भरलेली पेटी खाली उतरते, तिच्या वजनानं रिकामी वर चढते. इंजिन नव्हतं, तेल नव्हतं. वरच्या ओट्यावर एक मोठं चाक आणि त्या चाकाला आवळणारा लाकडी दांडा, एवढाच सगळा कारभार. दांडा वेळेवर आवळला तर कोबी ट्रकपाशी थांबतो, नाहीतर ट्रकसकट नदीत जातो. खालच्या टोकाला मी. पेटी उघडायची, पोती उतरवायची, ट्रकवाल्याशी भांडायचं, हे माझं काम. वरच्या टोकाला मामी.

समितीच्या दप्तरात मात्र वरच्या टोकाला मामा.

त्याचं असं झालं. पाळणा बसला तेव्हा समितीनं चालक म्हणून मामाला नेमलं. कारण सरळ होतं, मामा त्या दिवशी घरी होता. पहिल्याच थंडीत त्याच्या लक्षात आलं की ओट्याला छप्पर आहे पण भिंत नाही, आणि दांडा दाबून ठेवायला नुसता हात पुरत नाही, सगळं अंग टाकावं लागतं. मग त्याला शहरात एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. मिळाली म्हणजे त्यानं शोधली. जाताना मामीला म्हणाला, "दोन दिवस जरा बघ." तेव्हा मामीच्या पाठीला तान्ही मुलगी बांधलेली होती. ती मुलगी आता पलीकडच्या डोंगरावर सासरी आहे आणि तिची मुलगी शाळेत जाते. मामाचे ते दोन दिवस अजून संपले नव्हते.

मामी सातवीपर्यंत शिकली. शाळा जिथं संपली तिथं लग्न लागलं. पण त्या सातवीचा मोबदला तिनं पुरेपूर वसूल केला, माझ्याकडून. वरून हाक मारलेली खाली ऐकू येत नाही म्हणून ती कोळशानं पोत्यांवर लिहायची. "झोपलास का?" "मागच्या पोत्यातले दोन गड्डे कुणी खाल्ले ते मला कळलंय." एकदा ट्रकवाला फार आरडाओरडा करत होता, तर पुढच्या पोत्यावर आलं, "त्याला सांग, तेच तेच ओरडतोय. नवीन काहीतरी शोध म्हणावं." ट्रकवाल्यानं ते वाचलं आणि दिवसभर गप्प राहिला. शोधत असावा.

तर अशा पाळण्याला मोटर मिळाली. वर काचेची खोली बांधली गेली, आत बटणांची पाटी, पायाशी हीटर आणि एक फिरती खुर्ची. तिला चाकं होती, पाठ होती, दोन्ही बाजूंना हात टेकायची सोय होती. अशी खुर्ची गावात दुसरी नव्हती. खोलीचं काम चालू असताना मामी रोज गवताचा भारा घेऊन तिथून जायची आणि काचेतून आत बघायची. एकदा मी विचारलं, "काय बघतेस गं एवढं?"

"खुर्ची."

"का?"

"बसून काम करायचं म्हणजे कसं असतं, ते एकदा बघायचंय रे. आजवर बसले ती फक्त दूध काढायला."

एवढीच तिची इच्छा होती, आणि ती तिनं लपवलीही नाही. गावात सगळ्यांना माहीत होतं की मामीला ती खुर्ची हवी आहे. मलाच नव्हे, समितीच्या अध्यक्षांनासुद्धा.

उद्घाटन खाली ठेवलं, कारण वर चढायला पाहुण्यांचे गुडघे राजी नव्हते. स्वयंपाक वर, बायकांनी केलेला. तो खाली आणायचा जुन्याच पाळण्यानं, कारण मोटर अजून चालू व्हायची होती. चालकाच्या सत्कारासाठी मी रात्र जागून चार ओळी लिहिल्या होत्या. "वाऱ्यापावसात ज्यांचा हात कधी ढळला नाही, ज्यांच्या तळव्याचे घट्टे म्हणजे या गावाची खरी दौलत." लिहिताना डोळ्यांपुढे मामीच होती. ऐन वेळी अध्यक्षांनी सत्काराच्या नावांची चिठ्ठी हातात दिली. चालकाच्या पुढे मामाचं नाव. मला ते दिसलं. थांबून अध्यक्षांच्या कानात काही बोलण्याइतका वेळही होता. पण बक्षिसांवर पोसलेली जीभ, ती थांबते कुठे? घट्ट्यांची ओळ झोकात म्हटली आणि तिच्या शेपटीला मामाचं नाव बांधून दिलं.

टाळ्या पडल्या. मामा सुट्टी काढून आला होता, नवीन जाकीट घालून. त्यानं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, दुसरं कुणी उठत नाही अशी खात्री केली आणि चढला. पाहुण्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि माझ्याच माइकवरून म्हणाले, "या हाताला हात लावला की कष्ट म्हणजे काय ते कळतं!" गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसणाऱ्या माणसाचा तो हात. माझ्या हातापेक्षा मऊ होता.

कर्ण्यांचा आवाज दरीतून वर जातो, हे मी विसरलो होतो. जेवणाची पेटी अर्ध्या वाटेत थांबली. नुसती थांबली. मांडवातल्या सगळ्या माना वर झाल्या आणि तशाच राहिल्या. मी माइकवर म्हणालो, "जेवण येतंच आहे." ते येत नव्हतं. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्या पेटीकडे असं काही पाहिलं की जणू माझ्या विनवणीनंच ती हलणार होती. मग ती सावकाश उतरली, एक डबाही न हिंदकळता. तिच्यामागून दुसऱ्या फेरीला पाण्याचे कॅन आले. पहिल्याच कॅनवर कोळशानं लिहिलं होतं, "चालकाला आधी वाढा."

मी तो कॅन उलटा फिरवून ठेवला.

संध्याकाळी वर गेलो. मामी ओटा झाडत होती. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं,

"पाहुणे जेवले?"

"जेवले."

"आणि चालक?"

"तोही."

"दोनदा घेतलं असेल."

"हो."

"घेणारच. भूक लागते, बाबा, एवढं काम करून." आणि तिनं केरसुणी माझ्या पायांवरून फिरवली. "सरक. तुझ्या घट्ट्यांखाली कचरा राहतोय."

तोवर हे सगळं थट्टेवारी जाईल असं मला वाटत होतं. पण आठवड्याभरात समितीनं ठराव केला की नव्या मोटरवर चालक म्हणून मामाला बसवायचं, महिन्याच्या पगारावर. शहरात जाऊन बटणं शिकायची होती, त्यासाठीही त्यालाच पाठवलं. मी अध्यक्षांना गाठलं.

"अहो, चालवत तर मामी आली ना."

"आली. नाही कोण म्हणतंय? पण सत्कार कुणाचा झाला? तूच पुकारलंस ना नाव? आता एवढ्या लोकांसमोर झालेला माणूस सोडून दुसऱ्याला बसवायचं, तर समितीची शोभा."

म्हणजे खापर फोडायला माझं डोकं मिळालं होतं, आणि मीच ते पुढे केलं होतं.

मामी सभेला गेली. बायका सभेला जात नाहीत, त्या खिडकीबाहेर उभ्या राहतात. मामी दारातून आत गेली आणि खुर्ची कुणी देत नाही म्हटल्यावर भिंतीला टेकून उभी राहिली. मला तिथलं प्रत्येक वाक्य पाठ आहे, कारण ते ऐकताना माझं रक्त उकळत होतं.

"वहिनी, आता हे मशीनचं काम झालं," अध्यक्ष म्हणाले. "करंट असतो त्यात."

"बाईला जास्त लागतो का?"

"तसं नाही. जबाबदारीचं काम आहे."

"आजवर काय होतं मग, गंमत?"

"शिवाय एकट्या बाईनं काचेच्या खोलीत दिवसभर बसायचं, येणाराजाणारा बघणार. बरं दिसत नाही."

"भिंतच नव्हती तेव्हा बरं दिसत होतं?"

खिडकीबाहेर हशा पिकला. बाहेर पुढेच उभी होती ती भोंगा. हिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवत असेल की नाही कोण जाणे. ती घरात बोलली की शेजारची गाय उठून उभी राहते. अध्यक्षांनी खिडकी लावून घ्यायला सांगितली आणि मग ते वाक्य बोलले, जे असल्या प्रत्येक वेळी कुणीतरी बोलतंच.

"अहो, पगार शेवटी तुमच्याच घरात येणार ना? त्याला मिळाला काय नि तुम्हाला मिळाला काय!"

"खरंय," मामी म्हणाली. "मग अध्यक्षपद घरच्या काकूंना द्या. मान शेवटी तुमच्याच घरात राहील."

बंद खिडकीतूनही भोंगाचं हसणं आत आलं. सभा संपली. ठराव होता तसाच राहिला.

मला जे झोंबलं ते सांगतो. दांडा होता, वारा होता, अंग मोडत होतं, तोवर ते काम बाईचं होतं. कुणी म्हणालं नाही की बिचारीला झेपेल का. पाठीला उशी आली, पायाशी ऊब आली, बोटानं दाबायची बटणं आली, आणि एका दिवसात त्याला जबाबदारी लागायला लागली. बायकांचं घरचं जातं गेलं आणि गिरणी आली तेव्हा हीच माणसं गिरणीवाली झाली. दूध काढणाऱ्या बायका तशाच राहिल्या आणि डेअरीच्या काट्यावर त्यांचे दीर बसले. मी हे सगळं लहानपणापासून बघत आलो आणि मला ते कधी दिसलं नाही. दिसलं ते स्वतःच्या आवाजात कर्ण्यातून ऐकल्यावर.

मामाबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण तो काही दुष्ट माणूस नाही. परक्या गावात दुसऱ्याच्या मालाला पहारा देऊन तो कंटाळला होता, त्याला घरी यायचं होतं. "मी काय मागायला गेलो होतो?" तो मला म्हणाला. "दिलं तर नको म्हणू?" हे मात्र मी त्याला विचारलं, की नको म्हणून बघितलंस का? तो म्हणाला, "तू लहान आहेस." मी तिशीला आलोय.

आई तर त्याच्याच बाजूची. सख्खा भाऊ. "माझा भाऊ आयुष्यभर कुणाच्या तरी दारात उभा राहिला. आता चार दिवस खुर्चीत बसला तर तुझ्या मामीच्या पोटात दुखतंय."

"आई, तो दारात बसायचा गं. उभी मामी होती."

"तू बोलूच नकोस. तुझ्या तोंडानंच हे सगळं झालंय."



मोटर चालू झाली त्या दिवशी मामीनं काही केलं नाही. खरंच काही नाही. विळा घेऊन गवताला गेली. शेतातून पाळण्यापर्यंत माल आणतात बायका. मोठी टोपली पाठीवर, तिचा पट्टा कपाळावर. आमच्याकडे पुरुष खांद्यावर घेतात, पाठीवर टोपली घेत नाहीत. का घेत नाहीत ते कुणालाच सांगता येत नाही, पण घेतलेला कुणी पाहिलेला नाही. आणि बांधांच्या त्या अरुंद पायऱ्यांवर खांद्यावरच्या पोत्यानं माणूस एका बाजूला कलतो, म्हणून सगळा कोबी पाठीवरच येतो. त्या सकाळी मामीची टोपली आली नाही. भोंगानं आपली टोपली ओट्याजवळच्या बांधावर पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

"काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही. नवीन चालक आहे ना? ट्रेनिंग घेतलेला! भरेल की तोच."

मग एकेक करत बाकीच्याही बसल्या. कुणी विणकाम काढलं, कुणी नुसतं उन्हाकडे तोंड केलं.

खाली मी पेटी उघडली तर रिकामी. दुसरी, रिकामी. मामा वर मोठ्या ऐटीत बटणं दाबत होता आणि दोन रिकाम्या पेट्या तारेवरून एकमेकींना ओलांडत होत्या. ट्रकवाला खाली उतरून कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"काय भरू यात? हवा?"

"थोडं थांबा."

"आधीचीच बाई बरी होती. शिव्या द्यायची, पण मालही द्यायची."

असं दोनतीन दिवस चाललं. पुरुषांनी खांद्यावरून पोती आणायचा एक प्रयत्न केला. त्यातलं एक पोतं पायऱ्यांवर फुटलं आणि गड्डे उड्या मारत अध्यक्षांच्या अंगणापर्यंत गेले. अध्यक्षांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, ते उचलून गायीला घातले. त्याही बांधावर येऊन बसायला लागल्या होत्या, फक्त जरा लांब.

शेवटी आई उठली. "बघते कोण अडवतं ते. माझ्या भावाचा पाळणा रिकामा जातोय आणि या बसल्यात उन्हं खात!" तिनं आमच्या शेतातून टोपली भरली, गच्च, वर आणखी दोन गड्डे ठेवून. मी त्या दिवशी वर होतो, तिच्यामागून चालत गेलो. मी घेतो म्हणालो नाही. सुचलंच नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच सुचलं नाही.

बांधावरच्या बायकांनी तिला अडवलं नाही. बघत राहिल्या फक्त. आई ओट्यावर पोचली, कमरेत वाकलेली, कपाळाच्या शिरा तटतटलेल्या. आता गोष्ट अशी की भरलेली टोपली एकटीला उतरवता येत नाही. मागून कुणीतरी तळाला हात द्यावा लागतो, नाहीतर ओझं माणसाला घेऊनच खाली बसतं. पूर्वी ओट्याच्या कडेला टोपली टेकवायला एक दगडी कट्टा होता. काचेच्या खोलीला जागा हवी म्हणून तो फोडला. आणि कट्टा होता तेव्हासुद्धा मामी दांड्याला खुंटी घालून यायची आणि हात द्यायची. कोण आहे, बोलतेय की भांडलेय, हे न बघता.

"हात लाव रे," आई म्हणाली.

मामानं काचेची छोटी खिडकी सरकवली. "ताई, मला उठता येत नाही."

"का? पायाला काय झालं?"

"नियम आहे. चालकानं खुर्ची सोडायची नाही."

"पाळणा उभाच आहे ना?"

"उभा आहे. पण नियम तो नियम. शिकवलंय तसं."

आईला मान वर करता येत नव्हती. तिला काचेतून फक्त हीटरची लाल कांडी आणि मामाचे मोजे दिसत असणार. मी पुढे झालो तर म्हणाली, "तू मागे हो. मी त्याला सांगतेय."

मामा जरा घोटाळला. आणि मग त्यानं ते केलं. खिडकीतून मान बाहेर काढून बांधाकडे ओरडला, "अगं बायांनो, ताईला हात लावा ना कुणीतरी!"

कुणी हललं नाही. मग भोंगा म्हणाली, हळू आवाजात, म्हणजे समोरच्या डोंगरावर ऐकू जाईल इतक्याच, "नियम आहे, बाबा. आम्हालाही बांध सोडायचा नाही."

आई त्या ओझ्यासकट वळली. मामा आता खुर्ची सोडून धावत बाहेर आला, "ताई! अगं ताई, थांब!" पण ती आल्या वाटेनं वर चालायला लागली. वाकलेलं माणूस रागावलेलं आहे हे चालीवरूनच कळतं. वरच्या उतारावर मामी गवत कापत होती. आईला येताना पाहून तिनं विळा ठेवला, मागे गेली, टोपलीच्या तळाला हात दिला, आणि ओझं खाली टेकलं.

"पाठ कशी आहे?" मामीनं विचारलं.

"तुझ्या नवऱ्याला विचार," आई म्हणाली.

त्या क्षणी मामाची एक बहीण कमी झाली आणि मामीला एक नणंद मिळाली. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर.

आता ती टोपली घरी परत न्यायची होती. आईची पाठ गेली होती. मामी माझ्याकडे बघत होती, आईही बघायला लागली. मी म्हणालो, "नेतो." खांद्यावर काही ती येणार नव्हती. आईच्या टोपलीचा पट्टा अरुंद, तो बघून मामीनं आपल्या टोपलीचा रुंद विणलेला पट्टा सोडला आणि त्या जागी लावून दिला.

"कपाळ कोवळं आहे तुझं. मान ताठ ठेव. माइकपुढे ठेवतोस तशी."

"अगं, लोक बघतील," आई कळवळली.

"बघू देत की. आम्हाला नाही का बघत?"

बघितलंच. वाटेत भेटलेले दोघे खोकल्यासारखं हसले. "काय रे, बाई झालास?" त्यांना फाडून टाकणारं उत्तर मला घरी पोचल्यावर सुचलं. तेव्हा तोंडातून हवासुद्धा निघत नव्हती. पट्ट्यानं डोकं मागे ओढलं जातं, पायाखालची पायरी दिसत नाही, आणि घाम पुसायला हात मोकळे असले तरी उचलवत नाहीत. मी टेकायला म्हणून एका खडकाला पाठ लावली, चुकीच्या बाजूनं. पट्टा खडकाच्या धारेवर घासला आणि उठताना तुटला. आमचे गड्डेही अध्यक्षांच्या अंगणाकडे गेले. काकूंची गाय त्या आठवड्यात सुखात होती.

आई बांधावर जाऊन बसली, भोंगाच्या शेजारी, आणि समितीचे हातपाय गळाले. आई मामाची बहीण. तीच उठून तिकडे बसली म्हटल्यावर बाकीच्या उठण्याची आशा उरली नाही. ट्रकवाला म्हणाला, उद्या माल नसेल तर परवापासून मी येत नाही. त्या संध्याकाळी ठराव फिरला. मामीला चालक नेमलं, तिच्या स्वतःच्या नावानं, पगार तिच्या हातात. मी हे ऐकून उडीच मारणार होतो. मग अध्यक्षांनी पुढचं वाचलं. "तात्पुरती. हंगाम संपेपर्यंत. काम बघून पुढचं ठरवू."

काम बघून! इतकी वर्षं पेटीतला एक डबा न हिंदकळता उतरवणाऱ्या बाईचं काम यांना आता बघायचंय. मामाला बसवताना कुणी हंगाम विचारला नव्हता. मी उभा राहून तसं म्हणालो, माइकशिवाय. अध्यक्ष म्हणाले, "तुला कुणी बोलायला सांगितलंय का?" नव्हतं सांगितलं. मी तरी बोललो. त्यानं ठरावातला एक शब्दही हलला नाही, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या सकाळी मामी काचेच्या खोलीत गेली. मामानं बटणं दाखवली आणि उठला. दाराच्या बाहेर येऊन दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घालून उभा राहिला.

"आता मी काय करू?" त्यानं विचारलं.

"टोपल्या येतील. उतरवायला हात दे."

"दिवसभर?"

"दोन दिवस जरा बघ," मामी म्हणाली आणि खुर्चीत बसली.

मामा उतरवतो. खरंच उतरवतो. आधी तोंड पाडून उतरवायचा, आता भोंगाशी भांडत उतरवतो. त्याचा तळवा सोलून निघाला तेव्हा मामीनं त्याला तेल दिलं आणि काही बोलली नाही. तिच्या हिशेबानं हे फार झालं.

मामी बसल्यावर आठवड्यानं समितीला विजेच्या बिलाची आठवण झाली. हीटर काढून अध्यक्षांच्या कचेरीत नेला. तिथं तो चालू असतो, तिथं बिल येत नाही बहुतेक. मी अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, "वहिनींना सवय आहे थंडीची." मी हे जिथं जाईन तिथं सांगतो. कुणी हसतं, कुणी म्हणतं सोड ना, खुर्ची मिळाली ना. मला सोडता येत नाही.

आणि खुर्ची मिळाली म्हणून टोपली सुटलेली नाही. स्वतःच्या शेताचा कोबी मामी पहाटे स्वतःच आणते आणि मग बटणांपाशी बसते. गेल्या आठवड्यात वर गेलो तर तिच्या टोपलीला पट्ट्याच्या जागी दोरी होती. कपाळावर त्या दोरीचा लाल वळ, त्यावर तिनं ओढणी खाली घेतलेली.

"पट्टा आणतो," मी म्हणालो. "शहरात मिळतो. रुंद बघून आणतो."

"हे तू तोडलास तेव्हापासून ऐकतेय."

"या वेळी नक्की."

"हंगाम संपायच्या आत आण," ती म्हणाली आणि बटण दाबलं. "पुढचं त्यांनी अजून ठरवलेलं नाही."

शहराकडे त्यानंतर माझी एक फेरी झाली. पट्टा राहिला.